चौथी सूचना खोडा!

"पाणी आण, इलियास! पळ!" घिझलान ओरडली.

मोरोक्कोतल्या मराकेशच्या जुन्या शहरात, बंद गल्लीच्या टोकाशी एक परदेशी बाई भिंतीला टेकून बसली होती. चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले. ऑगस्टची भर दुपार आणि सावली बोटभरही नाही! इलियास बाटली घेऊन धावत आला. घिझलाननं ओला रुमाल बाईच्या मानेवर ठेवला. शेजारची तुरया पुठ्ठ्यानं वारा घालू लागली. सुट्टी लागल्यापासून ही तिघं या गल्ल्यांतच असायची.

तेवढ्यात पाहुणघरांच्या संघाचे अध्यक्ष सी ताहर, म्हणजे ताहरसाहेब, तिथे आले आणि त्यांनी काही न विचारता इलियासचा कान पिरगळला!

"पाहुण्यांना भलतीकडे नेऊन सोडता? लाज नाही वाटत?"

"पण आम्ही तर पाणी..."

"गप्प! पुन्हा पाहुण्यांजवळ दिसलात तर पोलिसांच्या हवाली करीन!"

खिडक्या-खिडक्यांतून सगळी गल्ली बघत होती. अकरा वर्षांच्या इलियासचे डोळे भरून आले. त्याच्या बहिणीच्या, घिझलानच्या, तळपायाची आग मस्तकात गेली.

सी ताहर बाईंना आपल्या पाहुणघरात घेऊन गेले. जमिनीवर एक कागद पडला होता. 'पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी दहा सूचना.' खाली सी ताहर यांचंच नाव!

"'चौथी सूचना,'" तुरयानं वाचलं. "'गल्लीतल्या मुलांना वाट विचारू नका. ती मुद्दाम चुकवतात.'"

"आपण? चुकवतो?" घिझलाननं कागद हिसकावला. "आणि ही सातवी बघ! 'दुपारी फिरा, गल्ल्या मोकळ्या असतात.' सगळे उन्हाला घाबरून घरात असतात म्हणून मोकळ्या असतात! गाढव कुठला!"

"अगं, मोठ्या माणसाला गाढव म्हणतेस?"

"गाढवाला निदान रस्ता तरी माहीत असतो!"

इलियास नाक पुसत नकाशा बघत होता. "ताई, यात इथून सरळ चौकात जाता येतं. इथे भिंतच नाही!"

मागे झालेल्या मोठ्या भूकंपात पलीकडचं घर कोसळलं, तेव्हाच ती भिंत बांधली होती. नकाशा त्याआधीचा होता!

"या आठवड्यात इथे अडकलेली ही तिसरी बाई," घिझलान दात-ओठ खात म्हणाली. "तिघींच्याही हातात हाच कागद होता. छापायच्या आधी एकदा चालून बघायला काय झालं होतं यांना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणघराच्या स्वयंपाकीण लल्ला रकिया, म्हणजे रकियाबाई, यांनी तिघांना मागच्या दारानं आत घेतलं. त्या बाई आता बऱ्या होत्या. पोर्तुगालच्या निवृत्त शिक्षिका, नाव इल्दा. घिझलाननं शाळेतल्या फ्रेंचमध्ये सगळं सांगितलं, तशा त्या ताडकन उठल्या.

"मला कुठल्याच मुलानं वाट दाखवली नाही. या कागदानं दाखवली! बोलवा त्या गृहस्थांना!"

सी ताहर हसत आले. इल्दाबाई गोड आवाजात म्हणाल्या, "मला चौकात न्याल? तुमच्याच नकाशानं?"

"अवश्य! डोळे मिटून नेतो!"

छाती काढून ते पुढे निघाले. मागे छत्री धरलेल्या इल्दाबाई, आणि त्यांच्या मागे दहा पावलांवर मुलं. "आता डावीकडे! आता सरळ!" असं म्हणत सी ताहर थेट भिंतीसमोर येऊन थबकले.

त्यांनी कागद उलटा धरून पाहिला. मग सुलटा.

"ही... ही भिंत काल नव्हती!"

"भूकंपापासून आहे!" वरच्या खिडकीतून एक आजी कडाडल्या. गल्ली खो-खो हसली. घिझलान मात्र हसली नाही.

"काल माझ्या भावाचा कान पिरगळलात तेव्हा सगळे बघत होते. आज माफीही सगळ्यांसमोर मागा!"

सी ताहर यांनी घाम पुसला. मग इलियाससमोर वाकले. "चुकलो, बाळा. न विचारता हात उगारला."

"आणि चौथी सूचना?"

त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि ती ओळ खोडली.

"शाबास, पोरांनो!" लल्ला रकिया म्हणाल्या. "दारात आलेला पाहुणा उन्हानं मेला असता, तर सगळ्या शहराची मान खाली गेली असती. तुम्ही ती ताठ ठेवलीत!" इल्दाबाईंनी इलियासला जवळ घेतलं.

"ताई, आता तरी हास ना!" तो म्हणाला.

"इतक्यात नाही!" घिझलाननं कागद सी ताहर यांच्यासमोर धरला. "अजून नऊ उरल्यात. बसा त्या पायरीवर. आधी सातवी!"