दुपारी कोणी थांबत नाही

ही गोष्ट रात्रीची नाही, हे आधीच सांगते. भर दुपारची आहे. आणि खरी आहे.

मी नावंसुद्धा बदललेली नाहीत. मी दिपमाला. नवऱ्याचं नाव योगेंद्र. ज्यांना ओळखायचं त्यांनी खुशाल ओळखावं. ज्याने माझी काळजी केली नाही, त्याची अब्रू मी का झाकू?

गेल्या वर्षीची संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. ठिकाण चाळीसगाव. रेल्वेच्या पलीकडची नवी कॉलनी, शेवटची गल्ली.

आमची अख्खी गल्ली अप-डाउनवाली. कोणी जळगाव, कोणी मनमाड, कोणी धुळे. सकाळची पॅसेंजर पकडायला सगळ्या मोटारसायकली एकदमच सुरू व्हायच्या. मग पटापट कुलपं लागायची.

त्यानंतर गल्लीत चिटपाखरू नाही.

आमचा संसार सगळा दिवेलागणीनंतरचा. भाजीवाला संध्याकाळची गाडी आली की यायचा. दळण, धुणं, हळदीकुंकू, भांडणं, सगळं तेव्हाच. मला गंमत वाटायची.

शेजारच्या शीतलचे सासरे झिपरू आबा रिटायर झालेले. तरी रोज सकाळी डबा घेऊन स्टेशनवर जायचे. दिवसभर बाकावर बसायचे आणि संध्याकाळी सुनेबरोबर घरी यायचे. मी एकदा शीतलला विचारलं, म्हाताऱ्या माणसाला घरी का नाही राहू देत?

"त्यांना गाड्या बघायला आवडतं गं," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली... आणि दार लावून घेतलं.

मला नोकरी योगेंद्रनेच लावून दिली, जळगावला, एका डाळ मिलच्या ऑफिसात. तो स्वतः धुळ्याला जायचा. लग्नानंतर एक दिवसही मला घरात बसू दिलं नाही. रविवारची दुपारही हमखास बाहेर फिरायला न्यायचा. इतरांचे नवरे बायकोला नोकरी करू देत नाहीत, माझा बघा कसा मागे लागतो, असं मी माहेरी सांगत फिरले. किती मिरवलं मी त्या माणसाला. आज आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

सासूबाई बोदवडला असायच्या. आल्या तर संध्याकाळी यायच्या. सकाळी योगेंद्र स्वतः त्यांना गाडीत बसवून द्यायचा. एक दुपार त्या आमच्या घरात थांबल्या नाहीत. लोक मलाच नावं ठेवणार, सून सासूला ठेवून घेत नाही म्हणून. मी त्याच्याशी भांडायचे. तो हसून विषय बदलायचा.

मग माझी माय आली.

माझं माहेर भडगावकडचं, घरात अहिराणी बोलणारं. मायचं नाव भिकुबाई. तिच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन चाळीसगावला झालं. तो डोळा अजून निवळला नव्हता आणि दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू होताच. काळा चष्मा लावून ती आमच्या मधल्या खोलीत खाटेवर बसायची. समोर माणूस आहे एवढंच तिला कळायचं.

सुरुवातीला मी रजा घेतली, ती सगळी दवाखान्यातच गेली. पुढे रजा मिळेना.

"मायला एकटं कसं ठेवू?" मी योगेंद्रला विचारलं.

तो शर्टची बटणं लावत होता. एक बटण चुकलं, ते काढून परत लावलं.

"जा तू," म्हणाला. "काही होत नाही."

मी गेले. जेवण झाकून ठेवलं. डोळ्यात टाकायचं औषध मायच्या हाताशी ठेवलं. संध्याकाळी आल्या आल्या विचारलं, "माय, औषध टाकलंस का?"

"तूच टाकी गयी ना दुपारले," माय म्हणाली.

मला वाटलं, म्हातारी गोंधळली. मी हसले.

दुसऱ्या दिवशी आले तर मायच्या केसांना तेल लावलेलं होतं. घट्ट वेणी घातली होती. माय स्वतः कधी वेणी घालत नाही, नुसता अंबाडा बांधते. वाटलं, शीतल येऊन गेली असेल. पण शीतल तर दिवसभर मनमाडला...

स्वयंपाकघरात गेले. ओट्यावर ताटं धुऊन पालथी घातलेली होती.

दोन ताटं.

मी मायला म्हटलं, "कोण आलं होतं जेवायला?"

माय माझ्यावर रागावली. "काय वं दिपा. दुपारले यीसन मनासंगे जेवस, मना मांडीवर डोकं ठीसन निजस. कितली गोड बोलस. अन् संध्याकायले आशी वसवस करस."

योगेंद्र तिथेच उभा होता. त्याने ऐकलं. मी त्याच्याकडे पाहिलं तर तो टीव्हीचा रिमोट शोधायला लागला.

"वय झालंय त्यांचं," म्हणाला.

मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? नवरा होता माझा.

त्यानंतरच्या दिवशी दुपारी ऑफिसात डबा उघडला आणि मायला फोन लावला. तिच्या साध्या मोबाइलवर. तिने उचलला.

"कोन?"

"माय, मी दिपा."

माय हसली. "कोन शे वं तू? मनी दिपा तं आठे मनापान बशेल शे."

मग तोंड बाजूला करून ती जवळ बसलेल्या कोणाला तरी म्हणाली, "धर, बोल."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मी ऐकलं. बांगड्या वाजल्या... मग श्वास...

मला एक सवय आहे. फोन ठेवण्याआधी मी दोनदा "बरं बरं" म्हणते.

"बरं बरं," पलीकडून आवाज आला.

माझाच आवाज होता.

फोन बंद झाला.

डबा तसाच टाकून मी स्टेशनकडे धावले. वाटेत योगेंद्रला फोन केला. "घरात कोणीतरी आहे. मायजवळ बसलंय."

मला वाटलं, तो विचारेल, कोण? चोर आहे का? शेजारी कोणाला सांगू का?

त्याने काहीच विचारलं नाही...

"घाबरू नको," तो म्हणाला. "संध्याकाळी जाते ती."

जळगावहून चाळीसगाव येईपर्यंत मी खिडकीजवळ बसून तेच एक वाक्य ऐकत होते. संध्याकाळी जाते ती. म्हणजे त्याला माहीत होतं. भुताची भीती मला नंतर वाटली, आधी त्या वाक्याची वाटली.

चाळीसगावला उतरले. बाकावर झिपरू आबा. मला बघून ते उठूनच उभे राहिले.

"आते घर नको जाऊ, पोरी. संध्याकायनी गाडी येऊ दे. लोके येऊ देत."

"आबा, तुम्हालाही माहीत होतं?"

आबांनी मान खाली घातली. "बठ्ठास्ले माहीत शे. घर लेवाना पहिले योगेंद्रले मीच सांगं. दुपारले त्या घरमा कोनीच नको थांबा. तो म्हने, रातले तरास नही ना, मंग चाली. आम्हले वाटनं, तो तुले सांगी."

"कोण आहे ती?"

"काय माहीत. दुपारले कोनी थांबतच नही तं दखी कोन?"

योगेंद्रला घर घेण्याआधीपासून माहीत होतं. आणि सगळ्या गल्लीला. माझ्या घरचं हळदीकुंकू घेऊन गेलेल्या बायका. रोज एका डब्यात बसून मला शेंगा देणाऱ्या. एकीनेही सांगितलं नाही.

माझी माय घरात होती. मी थांबले नाही.

कामाच्या दिवशी, भर उन्हात मी आमची गल्ली पहिल्यांदाच पाहत होते. दोन्ही बाजूंना कुलपं. कुत्रंही नव्हतं. माझ्या चपलांचा आवाज मलाच मोठा वाटत होता.

आमचं दार उघडं होतं...

माय खाटेवर बसली होती. मांडी घालून. तिचा हात मांडीवर हळूहळू फिरत होता, लेकराच्या केसांवरून फिरवावा तसा.

मांडीवर कोणी नव्हतं.

पण तिचं लुगडं... मध्ये दबलेलं होतं. कोणीतरी डोकं ठेवलेलं असावं तसं.

"माय," मी म्हणाले.

"आवाज नको करू," माय कुजबुजली. "दिपा निजनी शे."

"माय, मी दिपा."

तिने काळा चष्मा माझ्याकडे वळवला. तिचा हात थांबला.

"तू कोन?"

तेवढ्यात तिचं दबलेलं लुगडं हळूच वर आलं... आणि आतल्या खोलीत बांगड्या वाजल्या. चालत गेल्यासारख्या.

मी मायचा हात धरला आणि तिला ओढतच बाहेर काढलं. ती माझ्याशी झोंबत होती. "दिपा, दिपा," अशा हाका मारत होती. घराकडे तोंड करून. मला नाही, आत जी होती तिला.

माझा भाऊ प्रकाश गाडी घेऊन आला आणि मायला भडगावला घेऊन गेला. मी मागे थांबले. योगेंद्रसाठी.

तो नेहमीच्या वेळी आला. हातपाय धुतले. मी दारातच उभी होते.

"तुमची आई या घरात एकदाही दुपारी का नाही राहिली?"

"तिचं हृदय नाजूक आहे, दिपा. तिला झेपलं नसतं."

"आणि माझी माय?"

त्याने टॉवेल दोरीवर टाकला. नीट सरळ केला.

"त्यांना दिसत नव्हतं ना," तो म्हणाला.

त्याच संध्याकाळी मी घर सोडलं. शीतल तिच्या दारात उभी होती. काहीतरी बोलणार होती. मी थांबले नाही.

आता मी भडगावहून एसटीने जळगावला अप-डाउन करते. त्या घरात काय आहे, मला अजून कळलेलं नाही. योगेंद्र तिथेच राहतो. दुपारी कुलूप लावून.

मायच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. आता तिला लख्ख दिसतं. सुईत दोरा ओवते. मला ओळखते, नावाने हाक मारते. पण दुपारचं जेवताना ती अजून दोन ताटं घेते, आणि मी दुसऱ्या ताटावर बसले की अवघडल्यासारखी सरकून बसते.

गेल्या रविवारी दुपारी मी तिच्या केसांना तेल लावत होते. समोर आरसा होता. ती आरशातून माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली... मग तिने प्रकाशला हाक मारली.

"माले चाळीसगाव लई जा रे," ती म्हणाली. "मनी दिपा वाट दखी राहिनी व्हई."

वेणी अर्धी झाली होती, ती पुरी केली.