फ्रिज गार का राहत नव्हता?

"उद्या परत निघायचं," आजोबा म्हणाले आणि ब्रिनने हातातला घास ताटात ठेवून दिला.

ऍरिझोनाच्या वाळवंटात त्यांचं चाकांवरचं घर येऊन उभं राहिलं, त्याला आठवडाही झाला नव्हता. इथं वीज नव्हती. छपरावरची सोलर पॅनेलं दिवसभर बॅटरी भरायची आणि त्या बॅटरीवर फ्रिज चालायचा. फ्रिजमध्ये आजोबांचं इन्सुलिन होतं. आणि हल्ली फ्रिज रोज पहाटेच मान टाकत होता. परत जायचं म्हणजे रिकाम्या फ्लॅटमध्ये, आई कामावरून येईपर्यंत टीव्हीशी गप्पा मारत सुट्टी काढायची.

शेजारी उभ्या असलेल्या तशाच एका गाडीतल्या मिस्टर टिबेट्सनी पॅनेलांकडे न बघताच बॅटरी मेल्याचं जाहीर केलं होतं. त्यांची नातवंडं, लेटी आणि ऑगी, खोकल्याचं निमित्त करून हसली. त्यांच्या मते त्यांचे हे आजोबा टोस्टर बिघडला तरी बॅटरीलाच दोष द्यायचे.

पॅनेलांतून किती वीज येतेय ते दाखवणाऱ्या दाराजवळच्या मीटरपाशी ब्रिन एकटीच बसून राहिली. बाहेर लख्ख ऊन, तरी आकडा जेमतेम तग धरून. बॅटरी मेलीच असेल, तर मुळात वीजच कमी का येतेय?

तिने धीर करून ऑगीला छपरावर बघशील का म्हणून विचारलं. तो लगेच ब्रिनच्या गाडीच्या शिडीवर चढला आणि वरून ओरडून म्हणाला, "पॅनेलं चकाचक आहेत. फक्त झेंड्याच्या काठीची सावली पडलीय. बोटभर."

"बोटभरच ना? उतर खाली, माकडा," लेटी म्हणाली.

ब्रिन मात्र काठीच्या दोरीपाशी गेली. इथं सगळ्या गाड्या पांढऱ्या, सगळी झुडपं सारखी. पहिल्याच संध्याकाळी ती वाट चुकली, तेव्हा इथल्या रिवाजाप्रमाणे आजोबांनी उंच काठीवर झेंडा लावला होता, लांबून दिसावा म्हणून. एवढ्या उजाड पसाऱ्यात तिच्यासाठी म्हणून असलेली ती एकच गोष्ट होती.

तिने दोरी सोडली. काठी आडवी झाली आणि मीटरवरचा आकडा टुणकन उडाला.

"पॅनेलं एकामागून एक जोडलीयत," ती आजोबांना म्हणाली. "एकावर सावली पडली की सगळीच लंगडतात. आणि हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला खाली असतो. तुम्ही काठी नेमकी त्याच बाजूला लावलीत."

 आजोबांनी मुलांच्या मदतीने काठी उत्तरेच्या बाजूला रोवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीही फ्रिज घुमत होता आणि इन्सुलिनची बाटली बोटांना गार लागत होती. आजोबांनी आवरलेलं सामान पुन्हा बाहेर काढलं. "मी छप्पर सोडून सगळं तपासलं," ते म्हणाले. "तू होतीस म्हणून सुट्टी वाचली, पोरी."

मिस्टर टिबेट्स ओशाळून स्वतःच्या छपरावर चढले. तिथं त्यांच्याच टीव्हीच्या अँटेनाची सावली पॅनेलांवर आडवी पसरली होती.

आजवर या वाळवंटात ब्रिनचं नाव फक्त आजोबांनाच ठाऊक होतं.

"ब्रिन!" टिबेट्स छपरावरून गरजले. "जरा मीटर बघायला ये गं!"

पलीकडच्या गाडीतून एका अनोळखी बाईंनीही डोकं बाहेर काढलं. "ब्रिन कोण ती? तिकडचं झालं की आमच्याकडे पाठवा."