देठासकट पानं

मखमलाबादच्या नर्सरीत सकाळीच बोंब झाली. चौदा नंबरच्या गुलाबाची पट्टेरी फांदी कुणीतरी कापून नेली होती.

नवं फूल मिळावं म्हणून गॅमा किरण दिलेल्या चारशे कलमांत बदल झाला होता तो त्याच एका फांदीत. गुलाबी पाकळीवर पांढरे पट्टे. हा प्रयोग करणाऱ्या तेजस्विनी मॅडमना दुसऱ्याच वर्षी यश आलं. शेजारच्या प्रयोगशाळेत बाटल्यांमधून रोपं वाढवणारे शेखर सर आठ वर्षं किरण देत होते, हाती काही लागलं नव्हतं.

शेडची किल्ली मॅडमकडे, सरांकडे आणि कलमं करणाऱ्या लहानूकडे. मॅडमनी लहानूचं नाव घेऊन सरळ पोलिसांना फोन लावला. त्याची बायको सुलाबाई तिथंच गुलाबाचे डोळे भरायची, म्हणजे फांदीवरचा कोंब काढून दुसऱ्या झाडावर बसवायची. नवऱ्याची तीस वर्षांची अब्रू जाणार म्हणून ती घाबरली, पण राग त्याहून मोठा होता. ती झाडाशी बसली.

फूल खाली टाकलेलं. म्हणजे चोराला फांदीवरचे डोळे हवे होते. बाजूला सात पानं, देठासकट तोडलेली. शेखर सर बघायला आले, तसं तिनं विचारलं,

“सर, काल शेडात आला व्हता का?”

“मी कशाला येऊ? डोळे भरतो तुझा नवरा.”

“फांदी पाहिली व्हती?”

“एकदा. एवढं काय होतं तिच्यात?” सरांचा चेहरा आंबट झाला.

सुलाबाईनं मॅडमना बोलावून पानं दाखवली. “मॅडम, डोळे भरणारा पान कापतो, पण देठ फांदीला ठेवतो. त्याला धरूनच डोळा बसवायचा असतो. लहानूनं नेली असती तर इथं देठ नसते. देठ नको असतो तो बाटलीत रोपं वाढवणाऱ्याला. बाटलीत देठ सडतो. आपल्याकडं बाटल्या कोण भरतं?”

मॅडम प्रयोगशाळेत गेल्या. प्रत्येक बाटलीवर नंबर आणि तारीख होती. मागच्या रांगेतल्या सात बाटल्या मात्र कोऱ्या होत्या, आणि त्यात ताजे हिरवे तुकडे.

सर खुर्चीत बसले. आठ वर्षांची जळजळ एकदम बाहेर आली.

“सगळे मॅडमचंच कौतुक करत होते. फांदी जाळायलाच कापली होती मी. पण असं फूल माझ्या हातून कधी झालं नव्हतं. जाळवेना. तिथंच पानं तोडली आणि तुकडे बाटल्यांत लावले.”

मॅडमनी लहानूची माफी मागितली. त्यानं ती सात पानं गोळा केली.

“चोरी सरांनी केली, ते ठीक हाय. पण मॅडम, तुमी मला एकदा इचारलं बी नाय.”