रक्तवाहिन्यांचे अस्तर

अतिदक्षता विभागातल्या पडद्यावर हलीमा नदाफच्या छातीचा एक्स-रे आला. आदल्या संध्याकाळी काळी, मोकळी दिसणारी दोन्ही फुप्फुसे आता पांढरी पडली होती. सोलापुरात गाद्या शिवणारी ही चौतीस वर्षांची बाई तीन दिवसांपूर्वी मूत्रमार्गाचा संसर्ग घेऊन आली होती. आता तो रक्तात पसरला होता.

"आतल्या आत बुडतेय ती," डॉ. सिद्राम हत्तुरे म्हणाले. या विभागात त्यांची तीस वर्षे गेली होती. "जंतूंनी केलं नसेल इतकं नुकसान तिच्या शरीराने जंतूंशी लढताना केलंय."

डॉ. इरावती केळुसकर त्यांच्या शेजारी उभी होती. सहा वर्षे प्रयोगशाळेत घालवून तिने जे द्रव्य बनवले होते, त्याची कुपी तिच्या हातात होती.

"सर, रक्तवाहिनीला आतून एक केसाळ, मऊ थर असतो. रोमास्तर. गळती तोच रोखतो. संसर्ग भडकला की शरीर स्वतःच तो खरवडून काढतं. भिंतीतल्या पेशी एकमेकींपासून सुटतात. त्या फटींतून पांढऱ्या पेशी बाहेर पडतात आणि त्यांच्यामागून रक्तातलं पाणी. फुप्फुसात केशवाहिन्यांची दाट जाळी, म्हणून तिथे सगळ्यात आधी पूर येतो. माझं अस्तर त्या उघड्या भिंतीला चिकटतं. प्राणवायू, साखर, औषधं त्यातून जातात. पाणी आत धरून ठेवणारी प्रथिनं आणि पेशी जात नाहीत."

"पांढऱ्या पेशीसुद्धा नाहीत? मग उद्या हिला कुठे जखम झाली तर?"

"दोनच महिने जपायचं. भिंतीतल्या पेशी बदलल्या की नव्या पेशी स्वतःचं रोमास्तर विणतील आणि माझं गळून पडेल."

"हे माणसात पाहिलंयस?"

"नाही," इरावती म्हणाली. "ससे आणि डुकरांत पाहिलंय."

हत्तुरेंनी पुन्हा एक्स-रेकडे पाहिले. मग ते बाहेर गेले आणि हलीमाच्या नवऱ्याला, रसूलला, सगळे समजावून त्याची सही घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी फुप्फुसांच्या कडा काळ्या दिसू लागल्या. चौथ्या दिवशी श्वासासाठी घशात घातलेली नळी निघाली. अठराव्या दिवशी हलीमा चालत घरी गेली. पुढच्या आठ महिन्यांत आणखी एकशे एकोणचाळीस रुग्णांना अस्तर देण्यात आले आणि त्यांतले बहुतेक वाचले. तपासण्यांत सगळ्यांचे रक्त निर्दोष होते. त्यामुळे अस्तर गळले की नाही, हे वाहिनीचा तुकडा काढून पाहावे, असे कुणालाच वाटले नाही.

आणि मग हलीमा परत आली. डावा हात तिने ओढणीत गुंडाळला होता.

"तळव्यात सुई मोडली होती, मॅडम. बारा दिवस झाले. काढली मी. सूज नव्हती, पू नव्हता, म्हणून दाखवलं नाही."

इरावतीने ओढणी सोडली. हात सुजलेला नव्हता. पण बोटे काळी पडली होती आणि मनगटापर्यंत कातडीखाली मांस सडले होते.

तिने मांसाचा कण सूक्ष्मदर्शकाखाली धरला. सगळीकडे जंतूंचे थवे होते. पांढरी पेशी मात्र एकही नव्हती. त्या सगळ्या शेजारच्या केशवाहिनीत, भिंतीला आतून टेकून, दाटीवाटीने उभ्या होत्या.

"गळलं नाही ते," ती हत्तुरेंना म्हणाली. "नव्या पेशी आल्या. पण भिंत आधीच झाकलेली होती. त्यांनी स्वतःचा थर विणलाच नाही."

"औषधं?"

"पोचतात. पण हे जंतू त्यांना दाद देत नाहीत."

हलीमापासून त्यांनी काही लपवले नाही.

"हात कापला तर?" तिने विचारले.

"तेवढी मोठी जखम भरायलाही त्याच पेशी बाहेर याव्या लागतात, हलीमा," इरावती म्हणाली.

"मग अस्तर काढा."

"काढायचं द्रावण आहे. पण खाली काहीच उरलेलं नाही. तासाभरात फुप्फुसात पुन्हा पाणी भरेल. या वेळी थांबवता येणार नाही."

रसूल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"ते पाणी आठवतं मला," हलीमा म्हणाली. "हे समोर होते आणि हाक मारता येत नव्हती. तसं नको. बोलता येईल तोवर बोलू द्या."

"माझी चूक झाली," इरावती म्हणाली.

"आठ महिने मिळाले की," हलीमा म्हणाली. "धाकटीला टाके घालायला शिकवलं. पण बाकीच्यांना सांगा, मॅडम. मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याच दिवशी आले असते."

ती सहा दिवस जगली. पाचव्या दिवसापर्यंत ती रसूलशी बोलत होती. मुलींच्या शाळेबद्दल, अर्ध्या राहिलेल्या गाद्यांबद्दल. सहाव्या दिवशी दुपारी तिचे हृदय थांबले. रसूलने इरावतीला दोष दिला नाही. तो तिच्याकडे न पाहता निघून गेला.

त्याच दुपारी इरावतीने अस्तर दिलेल्या रुग्णांची यादी समोर घेतली. किती दिवसांत जखम साफ केली तर जीव वाचतो, हे सशांवर तपासण्यात तिचे सहा दिवस गेले होते. आता काय सांगायचे ते तिने लिहून काढले होते: ताजी जखम असेल तर ती कापून, धुऊन साफ करता येते, पहिल्या दोन दिवसांत आलात तर वाचवता येईल. पहिला फोन तिने बार्शीला लावला. एका शिक्षकाच्या अकरा वर्षांच्या मुलीला, ऋजुताला, चार महिन्यांपूर्वी अस्तर दिले होते.

"मॅडम, तुम्ही!" मुलीच्या वडिलांचा आवाज आनंदाने भरून आला. "मीच फोन करणार होतो तुम्हाला. अहो, काय अंग केलंय तुम्ही पोरीचं! सायकलवरून पडली, घोट्यात खिळा घुसला चांगला इंचभर. आधी असती तर पाय हा एवढा झाला असता. पण काही नाही! थोडा पण सुजला नाही. शाळेतसुद्धा जाते."

इरावतीने लिहिलेला कागद पालथा ठेवला.

"कधी पडली?" तिने विचारले.

"झाले की नऊ दिवस," ते म्हणाले. "थांबा, तिलाच देतो फोन."