यांगचौमधल्या तीन सकाळी

"अहो, थांबा! असा चावू नका तो—"

पण तोवर जिंगशूने चावा घेतला होता. उकडीच्या मोदकासारख्या मऊ, फुगीर तांगबाओच्या पोटातलं खेकड्याचं कढत सार सुर्रकन उडालं आणि समोर बसलेल्या अनोळखी माणसाच्या पांढऱ्या बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत एक केशरी रेघ उमटली.

सकाळचे साडेसहा वाजले होते. चहाघर गच्च भरलं होतं. जागा मिळेल तिथे, मिळेल त्याच्या टेबलाला टेकायचं ही यांगचौची रीत, म्हणून तर ती या माणसासमोर येऊन बसली होती. बाहेर ऑक्टोबरची झिमझिम चालू होती.

"माफ करा हं... मी पुसते, थांबा—"

"बाहीचं राहू द्या. जीभ भाजली का?"

भाजली होती. चांगलीच भाजली होती. तिने मान हलवून नाही म्हटलं.

"खोटं," तो शांतपणे म्हणाला. "डोळ्यांत पाणी आलंय. पहिल्या सकाळी ज्याची जीभ भाजत नाही, तो एक तर इथलाच असतो, नाही तर खोटारडा."

त्याने आपल्या टोपलीतला एक हलक्या हाताने उचलला, कडेला दातांनी इवलंसं भोक पाडलं, फुंकर मारली आणि सार ओढून घेतलं. "हे असं. घाई केली की तो सूड घेतो."

"तुम्ही काय त्याचे वकील आहात?"

"वकील कसला? आत्ता तरी जखमी साक्षीदार." त्याने बाही वर केली.

जिंगशू खळखळून हसली. आणि मग एकदम गप्प झाली... आपला आवाज इतका मोकळा निघतो हे ती विसरूनच गेली होती.

अर्ध्या तासाने अतिथीगृहाच्या दारात सात जणांचा गट वाटाड्याची वाट पाहत उभा होता. वूहूहून आदल्या संध्याकाळच्या गाडीने सगळे आले होते. नी नावाचं निवृत्त जोडपं, गिरणीतल्या तीन जुन्या मैत्रिणी, जिंगशू आणि तिच्या सासूबाई फान. तीन दिवस, फक्त खाण्यासाठी. छत्री मिटवत जो माणूस आला, त्याची एक बाही ओली होती आणि तिच्यावर केशरी डाग होता.

"मी शी मूचुआन. तीन दिवस तुमच्या पोटांची जबाबदारी माझी," तो म्हणाला. मग त्याची नजर तिच्यावर थांबली. "काहींच्या जिभांचीसुद्धा."

फानबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा सुनेकडे.

जिंगशू बत्तीस वर्षांची होती आणि औषधांच्या दुकानात काम करत होती. तिचा नवरा हायबो नदीतल्या मालवाहू जहाजांवर इंजिनं दुरुस्त करायचा. चार वर्षांपूर्वी जहाजावरच त्याच्या छातीत कळ आली आणि काठावर पोचेपर्यंत सारं संपलं होतं. माहेरचे न्यायला आले, तेव्हा ती म्हणाली, "आईंना जरा सावरू दे." मग ते सावरणं कधी कुणाचं पुरतं झालंच नाही. दोघी एकाच घरात, एकमेकींना जपत, एकमेकींपासून रडणं लपवत राहिल्या. सहल ठरवली होती जिंगशूनेच, सासूबाईंना पासष्टावं लागलं म्हणून.

पहिल्या दिवशी दुपारी जेवणाच्या गोल टेबलावर सिंहमुंडी आली, म्हणजे नारळाएवढा मऊ खिम्याचा गोळा. मूचुआन सगळ्यांना वाढत होता. नीबाईंना बोलल्याशिवाय घास उतरत नसे.

"ही तुमची लेक का हो?"

"सून," फानबाई म्हणाल्या.

"अगं बाई! सासू-सुना अशा एकत्र फिरायला? भाग्य लागतं. मुलगा नाही आला?"

जिंगशूने मान खाली घातली. हा प्रश्न आला की पुढचं तिला पाठ होतं. आई हळूच सांगायच्या, समोरचा चुकचुकायचा, मग कुणी तरी हवापाण्याचा विषय काढायचा.

"तो जहाजावर असतो," फानबाई म्हणाल्या.

जिंगशूच्या हातातल्या जेवणाच्या काड्या हवेतच थांबल्या. होता नाही... असतो. आईंनी एवढासाच शब्द बदलला होता.

"इंजिनाचं काम. सुट्टी कुठली मिळायला!"

"फोन तरी करतो का?"

"करतो की. जेवलीस का, हेच आधी विचारतो."

जिंगशूच्या वाडग्यात सार ओतणारा हात किंचित हलला. तिने वर पाहिलं. मूचुआनने नजर वळवली होती. "गरम आहे, सांभाळून," एवढंच तो म्हणाला. त्यात सकाळचं हसू कुठे नव्हतं.

खोलीवर आल्यावर तिने दार लावलं. "आई... असं का सांगितलंत?"

फानबाई पलंगाच्या कडेला बसल्या. ओले मोजे काढता काढता त्यांचे हात थांबले. "निघून गेलं गं तोंडातून. आणि मग ती विचारायलाच लागली. फोन करतो का, काय बोलतो... चार वर्षांत मला कुणी त्याच्याबद्दल काही विचारलं नाही, जिंगशू. आपल्या गल्लीत त्याचं नाव निघालं की माणसं जिभेला चटका बसल्यासारखी गप्प होतात." त्यांनी मोजा पिळला. "तीनच दिवस. मग घरी जाऊ. चालेल ना तुला?"

"चालेल, आई."

दुसऱ्या सकाळी मूचुआनने सगळ्यांना एका स्वयंपाकघरात नेलं. पूर्वी तो इथल्याच एका खानावळीत दहा वर्षं आचारी होता. सुक्या टोफूचा बोटाएवढा तुकडा घेऊन त्याने आधी पापुद्रे काढले, मग त्यांच्या शेवया कापल्या, सुईच्या नेढ्यातून जातील अशा. गिरणीतल्या तिघींनी टाळ्या वाजवल्या.

जिंगशूच्या शेवया काडेपेटीतल्या काड्यांसारख्या झाल्या.

"ह्या कुणाला मारायला केल्यात?" तो जवळ येऊन म्हणाला. क्षणभर कालचाच माणूस परत आला.

"वाटाड्यालाच. शिकवायचं सोडून लांब उभा राहतो म्हणून."

तो हसला. तिच्या हातातली सुरी नीट करायला त्याने हात पुढे केला... आणि बोटभर अंतरावरच थांबवला. मग आपलीच सुरी उचलून तो हवेत दाखवू लागला. "मनगट सैल. जोर लावायचा नाही, सुरीला तिच्या वजनाने खाली येऊ द्यायचं. जमेल. घरी गेल्यावर... त्यांना करून घाला. सुट्टीवर येतील तेव्हा."

जिंगशूने मान खाली घातली. सुरी फळीवर टकटक करत राहिली. एक वाक्य — फक्त एक वाक्य तिच्या भाजलेल्या जिभेवर येऊन बसलं होतं. पलीकडे आई नीबाईंना सांगत होत्या, "आमच्या हायबोला लहानपणी टोफू मुळीच आवडायचा नाही हो!" आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की जिंगशूने ते वाक्य गिळून टाकलं.

दुपारी तळ्याकाठच्या वाटेवर पावसाची सर आली. तिची छत्री खोलीवरच राहिली होती. मूचुआन शेजारून चालू लागला. छत्री तिच्या डोक्यावर धरलेली, हात लांब ताणलेला, आणि तो स्वतः अर्धा पावसात.

"भिजताय तुम्ही."

"सवय आहे."

"जवळ या ना. छत्री मोठी आहे."

तो थांबला. पागोळ्या दोघांच्या मध्ये गळत होत्या. "काल सकाळी तुम्ही हसलात ना," तो पाण्याकडे बघत म्हणाला, "तेव्हा मला वाटलं होतं... जाऊ दे. मला जे वाटलं ते वाटण्याचा मला हक्क नाही. म्हणून लांब चालतोय. राग मानू नका."

"राग नाही," ती कशीबशी म्हणाली. पाऊस होता म्हणून बरं. गालांवरचं पाणी कुठलं ते कुणाला कळलं नाही.

संध्याकाळी पाय दुखतात म्हणून सगळ्यांनी जुन्या स्नानगृहाशेजारच्या दुकानात जायचं ठरवलं. तिथे मूचुआनचे वडील पायांची कुरूपं काढत. चाळीस वर्षांचा हात. शेवटी राहिल्या फानबाई आणि जिंगशू, शेजारशेजारच्या खुर्च्यांत, पाय गरम पाण्यात सोडून.

म्हातारा बोलघेवडा होता. "लेक का तुमची? वाटलंच मला. काळजी घेते." त्याने फानबाईंची टाच हातात घेतली. "माझा पोरगा तुम्हाला फिरवतोय ना? नीट खायला घालतो का?"

"घालतो," फानबाई म्हणाल्या. "पोरगा गुणी आहे."

"गुणी आहे, पण नशीब बघा. चौतिसावं लागलं. मुली बघायला जा म्हटलं तर उठून जातो. आणि काल सकाळी आला तो एकटाच हसत. डाग पडलेला सदरा धुवायला टाकेना! म्हटलं, न्हालं वाटतं घोडं गंगेत. तर दुपारी तोंड पाडून बसला. म्हणाला, बाबा, तिचं लग्न झालंय. नवरा जहाजावर असतो." म्हाताऱ्याने सुरी पुसली. "तुमच्याच गटातली कुणीशी दिसते. तुम्हाला ठाऊक असेल?"

जिंगशू पाण्यातल्या आपल्या पायांकडे बघू लागली. तिने शेजारी पाहायचं धाडस केलं नाही.

"दुखतंय का हो?" म्हाताऱ्याने फानबाईंना विचारलं. "डोळे का भरले?"

"जुनं आहे," फानबाई म्हणाल्या. "खोल गेलंय."

परतीच्या वाटेवर दोघी एका छत्रीत होत्या. "आई," जिंगशू म्हणाली, "त्यात काही नाही. उद्या दुपारी आपण गाडीत असू."

सासूबाईंनी तिच्या दंडाला धरलेला हात घट्ट केला.

तिसऱ्या सकाळी निरोपाचा चहा होता. पाऊस थांबला होता. टेबलावर वाफाळत्या टोपल्या आल्या. नीबाई आठवणीने म्हणाल्या, "नव्या वर्षाला हायबो येईल ना? मग तिघं आमच्याकडे जेवायला यायचं. हे पक्कं."

फानबाईंनी काड्या खाली ठेवल्या. एकावर एक, अगदी सरळ.

"तो येणार नाही," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा चार वर्षांपूर्वी गेला. मी तुम्हा सगळ्यांशी खोटं बोलले."

"आई—" जिंगशू अर्धवट उठली.

"बस तू. तीन दिवस त्याला जिवंत ठेवलं मी. किती सुखाचं होतं ते, काय सांगू! पण त्याची किंमत ही पोर मोजत होती, तोंडातून शब्द न काढता." त्यांनी मूचुआनकडे पाहिलं. किटली घेऊन तो भिंतीशी उभा होता. "हिला नवरा नाही. हिच्या पदरी फक्त एक म्हातारी आहे, आणि तिनेच हिला धरून ठेवलंय."

आता कुणी तरी हवापाण्याचं बोलणार, असं जिंगशूला वाटलं. पण नीबाईंनी खुर्ची ओढली, त्या फानबाईंना खेटून बसल्या आणि त्यांचा हात मांडीवर घेतला.

"टोफू आवडायचा नाही," त्या म्हणाल्या. "मग काय आवडायचं त्याला?"

फानबाईंनी डोळे पुसले. "भात... नुसता गरम भात. वर डुकराची चरबी आणि सोयाचे चार थेंब. वाडगं चाटून ठेवायचा, धुवायला नको असं..." आणि त्या बोलत गेल्या. माणसं ऐकत राहिली.

जिंगशू बाहेर अंगणात आली. तिला रडायचं होतं, पण रडूच येईना. मागे पावलं वाजली.

"का सांगितलं नाहीत?" मूचुआनने विचारलं. "काल, छत्रीत... एक शब्द तरी."

"तो शब्द बोलले असते तर आई खोट्या पडल्या असत्या. माझ्यापायी त्यांची मान खाली गेली असती. मला नाही जमलं."

"परवा मला तुमचं हसणं आवडलं होतं," तो हळूच म्हणाला. "आत्ता... आत्ता मला कळत नाहीये काय म्हणू ते."

"मग मी म्हणते." तिने नजर वळवली नाही. "मलाही तुम्ही आवडलात. पण मी हायबोला विसरलेली नाही, विसरायचंही नाही. आणि मी कुठेही गेले तरी आई माझ्याबरोबर असतील. एवढं सगळं एका माणसाने उचलायचं म्हणजे—"

"मी हमालाचा नातू आहे," तो म्हणाला. तिला हसू फुटलं, आणि हसता हसताच इतका वेळ अडलेलं रडू आलं. या वेळी त्याने पुढे केलेला हात मध्येच थांबवला नाही.

"वूहूला रविवारी येऊ का?"

तिने मान डोलावली.

"येऊ दे त्याला," दारातून फानबाईंचा आवाज आला. नीबाईंच्या खांद्याला धरून त्या उभ्या होत्या, डोळे सुजलेले. "पण एक सांगून ठेवते, पोरा. भिंतीवरचा माझ्या मुलाचा फोटो मी उतरवणार नाही."

"उतरवू नका, मावशी. घरात पाऊल ठेवलं की आधी त्यालाच उदबत्ती लावीन."

रविवारी तो खरंच आला, साडेनऊच्या गाडीने, एका हातात जिवंत खेकड्यांची टोपली घेऊन. बूट दाराशी काढले, कुणाशी काही बोलण्याआधी फोटोसमोर उभा राहिला, उदबत्ती लावली आणि तीन वेळा वाकला. शेवटच्या वेळी जरा जास्तच वेळ वाकून राहिला. फानबाईंना ते बघवेना. त्या पाठ फिरवून चुलीशी गेल्या, नाक ओढलं, आणि तिथूनच ओरडल्या,

"जिंगशू, बघत काय उभी राहिलीस? वाडगी काढ. तीन."