नऊ सेकंदांचा बिघाड

मिस्त्रीचा एक नियम होता, आणि त्या नियमापायी त्याची निम्मी गिऱ्हाइकं समोरच्या गॅरेजात गेली होती. बिघाड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो गाडीला पाना लावत नसे. "कधी कधी आवाज येतो हो," असं म्हणत आलेल्या माणसाला तो स्टुलावर बसवायचा आणि स्वतःही शेजारी बसून आवाजाची वाट पाहायचा. समोरच्या गॅरेजात तेवढ्या वेळात तीन पार्ट बदलून व्हायचे. आवाज तिथेही जायचा नाही, पण गिऱ्हाइकाला काहीतरी झाल्यासारखं वाटायचं.

त्यामुळे भावोजी एका सकाळी व्हॅन घेऊन आले आणि म्हणाले, "मध्येच बंद पडते," तेव्हा मिस्त्रीने डोकं वर न काढता विचारलं, "मध्येच म्हणजे?"

"परवा जाताना दोनदा. एकदा चढावर, एकदा पुलावर. नऊ सेकंद बंद, मग आपोआप चालू."

"नऊच?"

"आठ असते तर आठ म्हटलं असतं."

भावोजी म्हणजे मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. गिरणीत पस्तीस वर्षं टाइमकीपर. माणूस निवृत्त झाला होता, मनगटावरचं घड्याळ झालं नव्हतं. भाजी शिजायला किती वेळ लागला हेही ते सांगत, विचारलं नाही तरी.

व्हॅन सव्वीस वर्षांची, डिझेलवरची. इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मध्ये, एका पत्र्याच्या झाकणाखाली. उन्हाळ्यात मांडी भाजायची, हिवाळ्यात तीच ऊब वाटायची. दिसायला जुनाट असली तरी आठवड्यातून तीनदा ती ताईला डोंगरापलीकडच्या हॉस्पिटलात नेत होती. बेचाळीस किलोमीटर. ताईच्या दोन्ही मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं आणि ते काम आता तिथलं मशीन करत होतं. एक खेप चुकली की पाय सुजत. दोन चुकल्या की काय होतं, ते डॉक्टरांनी ताईसमोर सांगितलं नव्हतं. बसने जायचं तर दोन बस बदलायच्या, आणि ताईला आता बसची पहिली पायरीही चढवत नव्हती.

"मागून ट्रक आला होता," भावोजी हळूच म्हणाले. "वीतभर अंतर राहिलं."

मिस्त्रीने हात पुसले. व्हॅन घेतली आणि एकटाच चढ चढून आला. मग आणखी दहा वेळा. काही नाही. भावोजींना शेजारी बसवून गेला. काही नाही. तेव्हा त्याने ताईच्या वजनाचं वाळूचं पोतं तिच्या सीटवर ठेवलं, त्याला पट्टा बांधला आणि डोंगर पार करून आला. पोत्याने तक्रार केली नाही आणि गाडीनेही नाही.

"म्हणजे मी पोत्यापेक्षा वाईट," ताई म्हणाली. "चल छोट्या, मला ने. तुझ्या हातून खड्ड्यात जाऊ, निदान घरचा माणूस."

छोट्या अठ्ठावन्न वर्षांचा होता.

मिस्त्रीने तयारी केली. डिझेलच्या रस्त्यात एक पारदर्शक नळी बसवली, म्हणजे हवेचा बुडबुडा आला तर दिसेल. किल्ली बंद केल्यावर डिझेल अडवणारा एक छोटा विजेचा व्हॉल्व्ह असतो. त्याच्या तारेला एक बल्ब जोडून तो काचेपाशी चिकटवला. करंट तुटला तर बल्ब विझेल. भावोजी चालवायला बसले, शेजारी ताई, आणि मिस्त्री मागच्या सीटवरून वाकून, उघड्या इंजिनावर टॉर्च धरून.

ताई त्या आवाजातही बोलत होती. शेजारणीच्या सुनेबद्दल काहीतरी. सातव्या किलोमीटरच्या दगडापाशी इंजिन बंद पडलं.

खोकलं नाही, अडखळलं नाही. बोलणाऱ्याच्या तोंडावर कुणी अलगद हात ठेवावा तसं गप्प झालं. गाडी गिअरमध्येच होती, चाकं इंजिनाला ओढत होती. मिस्त्रीने पाहिलं: बल्ब लख्ख पेटलेला, नळी डिझेलने काठोकाठ भरलेली, एक बुडबुडा नाही. पंख्याचं पातं फिरत होतं, पट्टा फिरत होता. जे यायला हवं ते सगळं येत होतं. डिझेल पेटत नव्हतं, एवढंच.

"नऊ," भावोजी म्हणाले, आणि इंजिन चालू झालं.

"मग ती सून म्हणाली," ताई पुढे बोलू लागली आणि थांबली. "अरे, आत्ता किती बरं वाटलं. अंगावरचं कुणी काढून घेतल्यासारखं."

"आवाज थांबला ना, म्हणून," मिस्त्री म्हणाला. तेव्हा त्याला ते पटलंही.

त्यानंतरचे पंधरा दिवस त्याने जे केलं त्याला शोध म्हणतात. ताईला मागच्या सीटवर बसवलं, बंद पडली. तिच्या सीटखालून जाणाऱ्या सगळ्या तारा सोडवून वेगळ्या मार्गाने नेल्या, बंद पडली. फिल्टर बदलला, टाकी धुतली, अर्थिंगच्या बोल्टचा गंज घासून काढला. ताई असली की बंद, नसली की चालू. ताई दारात उभी राहून म्हणायची, "सापडला का रे चोर?" आणि मिस्त्री मान हलवायचा. त्याच्या मानेला आयुष्यात एवढं काम कधी पडलं नव्हतं.

सोळाव्या दिवशी चढावर मागचा ट्रक बंपरला टेकला. धक्का लहानसा होता, पण ताईच्या कपाळावर टेंगूळ आलं.

मग मिस्त्रीने ते केलं ज्यासाठी समोरच्या गॅरेजवाल्यांना तो आयुष्यभर हसत आला होता. बिघाड न सापडता सगळं बदललं. पंप, व्हॉल्व्ह, रिले, तारा, एका दमात. वर बॅटरीवरून व्हॉल्व्हला एक सरळ तार टाकली आणि ती तोडायला एक बटण बसवलं, म्हणजे मधलं काहीही सुटलं तरी डिझेल अडणार नाही. जुना पंप भंगारात दिला. रोग न ओळखता औषध दिलं म्हणून त्याला रात्री झोप नीट लागली नाही. पण दुसऱ्या दिवशी व्हॅन बेचाळीस किलोमीटर एका श्वासात गेली.

"मिस्त्रीबुवा, मानलं," भावोजी स्टिअरिंग थोपटत म्हणाले. "छप्पन्न मिनिटं. विक्रम आहे."

"मी पहिल्यापासून सांगत होते," ताई म्हणाली, "याने जरा"

आणि थांबली.

मिस्त्रीला वाटलं, शब्द शोधतेय. ताईला शब्द शोधावा लागत नाही हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं. तिचे डोळे उघडे होते. हात हवेत होता. हॉस्पिटलच्या फाटकासमोर गाडी उभी होती आणि इंजिन सुरेख चालत होतं.

"घाई केली असती तर केव्हाच झालं असतं," ताईने वाक्य पुरं केलं. "काय रे, असे काय बघताय दोघं?"

भावोजींनी मनगट खाली घेतलं. किती सेकंद, ते त्यांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

डॉक्टरांनी दोनदा तपासलं. छातीला तारा लावल्या, डोक्याला लावल्या, कागदाच्या लांबलचक पट्ट्या काढल्या. सगळं व्यवस्थित. "आमच्यासमोर झालं तर काहीतरी सांगता येईल," ते म्हणाले. मिस्त्रीला रागावता येईना. त्यांच्या जागी त्यानेही स्टूलच पुढे केलं असतं.

परतीच्या वाटेवर दोनदा झालं. पुढच्या खेपेला चौदा सेकंद. तिसऱ्या खेपेला बावीस, आणि त्या बावीस सेकंदांत मिस्त्रीने ताईचं मनगट धरून पाहिलं. ज्या बोटांना नटाचा अर्धा आटा कळायचा, त्यांना तिथे काहीच कळलं नाही.

तो भंगारवाल्याकडे गेला आणि ढिगातून आपला जुना पंप शोधून काढला.

"हा तर खराब म्हणून दिलात ना?" भंगारवाला म्हणाला.

"खराबच हवाय."

त्याने चांगला पंप काढून खराब बसवला. जुना व्हॉल्व्ह, जुना रिले, जुन्या तारा, टोकं काळी पडलेली तशीच. गंजलेला बोल्टसुद्धा शोधून लावला. फक्त ती सरळ तार आणि तिचं बटण राहू दिलं. तार काढून पाहिली, लावून पाहिली, फरक पडत नव्हता. बिघाड परत बसवायचा कसा हे कुठल्याच उस्तादाने त्याला शिकवलं नव्हतं. व्हॅन आता नव्या नवरीसारखी चालत होती.

त्या दिवशी परतताना एकतीस सेकंद झाले, तेव्हा ताईच्या ओठांचा रंग गेला. भावोजी "अगं, अगं" एवढंच म्हणत होते. मिस्त्रीने काहीच न सुचून, चिडून, बटण दाबलं आणि किल्ली मागे फिरवली. इंजिन बंद झालं.

"पाणी दे रे जरा," ताई म्हणाली.

भावोजींनी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. मग मिस्त्रीने किल्ली फिरवली. इंजिन लागलं. ताईचा घोट गळ्यातच थांबला. त्याने इंजिन बंद केलं. घोट खाली उतरला.

त्याने तिसऱ्यांदा करून पाहिलं नाही. उताराने घरापर्यंत घरंगळत आले.

पुढची खेप चुकली. शेजाऱ्याकडे त्याची गाडी मागितली. तो दारात ती चालू करून उभा राहिला आणि आत भांडी लावणारी ताई ओट्यापाशी पुतळ्यासारखी झाली. हाताची ताटली तेवढी पडली. शेजाऱ्याला काहीतरी सांगून परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी ताईचे पाय इतके सुजले की चपला चढेनात. आडवं झोपलं की दम लागू लागला.

"चला," भावोजी म्हणाले. "थोडं थोडं जाऊ. वीस सेकंद चालवायची, दोन मिनिटं थांबायचं. मी वेळ धरतो."

तसे ते निघाले. सकाळी सहाला निघून साडेनऊला सातव्या किलोमीटरपाशी पोचले. तिथून मात्र किल्ली फिरवताक्षणी ताईचा चेहरा राखाडी पडू लागला आणि बंद केल्यावर परतायला वेळ घेऊ लागला. मिस्त्रीने हँडब्रेक ओढला, चाकाखाली दगड लावला. मागे उतार होता, बंद इंजिनानेही घर गाठता आलं असतं. हॉस्पिटल पुढे होतं, वर, आणि मग पलीकडे.

"इथे छान वाटतंय," ताई धापा टाकत म्हणाली. ऊन कोवळं होतं. "लहानपणी तू चालायला कंटाळायचास ना, मग मी"

खालून एक ट्रक आला, घरघरत शेजारून गेला, वळणाआड दिसेनासा झाला.

"तुला पाठीवर घ्यायची," ताई म्हणाली.

मिस्त्रीने भावोजींकडे पाहिलं. भावोजींच्या हातात फोन होता.

"मी अँब्युलन्स बोलावली," ते म्हणाले. "तुम्ही दगड लावत होता तेव्हाच. गावातून, खालून येतेय म्हणाले."

"फोन लावा. नको म्हणून सांगा."

"नको म्हणू? आणि मग काय करू?"

मिस्त्री उतारावर धावत सुटला. दोनशे पावलं खाली जाऊन रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभा राहिला. अँब्युलन्स आली, कच्चकन थांबली. चालकाने डोकं बाहेर काढलं.

"पेशंट कुठाय काका?"

"इंजिन बंद कर. आपण स्ट्रेचर घेऊन चालत जाऊ. पण आधी बंद कर."

"बंद कशी करू? स्टार्टर गेलाय. सकाळी सहा जणांनी ढकललीय तेव्हा लागली. या चढावर बंद केली तर आज दिवसभर इथेच."

"मी मिस्त्री आहे. मी बघतो."

"नंतर बघा ना. आधी पेशंट घेऊ," चालक म्हणाला, आणि बोलण्यात काहीच चूक नव्हती. त्याने गाडी मिस्त्रीच्या बाजूने काढली आणि वर नेली.

मिस्त्री मागे धावला. व्हॅनचं दार उघडं होतं. ताई त्याच्याच दिशेला वळून बसलेली, काही सांगायला तोंड उघडलेलं. भावोजी तिचा हात धरून मोजत होते, मोठ्याने, एकसारख्या सुरात. दोन परिचारक स्ट्रेचर उतरवत होते. ते कामात तरबेज होते, कसलीही घाई करत नव्हते.

"अठ्ठेचाळीस," भावोजी म्हणाले. "एकोणपन्नास."

मिस्त्री अँब्युलन्सच्या बॉनेटला टेकून उभा राहिला. दम लागला होता. तळव्याखाली पत्रा हलकेच थरथरत होता, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्याच्या कानांनी आपोआप ऐकायला सुरुवात केली. चारही सिलिंडर सारखे चालत होते.