गंजलेली सीट

“गाडी न्यायला येईल त्याला म्हणावं, चालवणारीलाही बरोबर घेऊन जा.”

बाबा हे धाकट्याला म्हणाले. पण बोलले ते ताईच्या कानावर जावं म्हणूनच! त्यांच्यापुढे चहा ठेवून ती नेहमीसारखी आत निघून गेली. आईचा जीव हिनेच घेतला, असं बाबांनी मनाशी धरलं होतं. वळणावर जीप झाडावर आदळली, आई जागच्या जागी गेली, आणि त्या दिवसापासून त्यांनी या मुलीच्या तोंडाकडे धड पाहिलं नाही. त्यांची पथ्यं, दुखणी, चिडचिड सारं तिनेच काढलं, त्यापायी ठरलेलं लग्नही मोडलं, आणि धाकटा? तो शिकला, परगावी बंगला बांधून बसला, सणासारखा उगवायचा आणि लाडका म्हणून मिरवायचा!

खरं काय ते त्या दोघा भावंडांनाच ठाऊक. स्टिअरिंगवर ताई नव्हतीच! मिसरूडही न फुटलेल्या धाकट्याने हट्ट धरला, आईने कौतुकाने ‘चालवू दे गं जरा’ म्हटलं, आणि होत्याचं नव्हतं झालं... लोक धावत आले तेव्हा थरथर कापणाऱ्या त्या पोराला पाठीशी घालून ताईने सांगून टाकलं होतं, गाडी मी चालवत होते.

जीप ओढून आणून परसातल्या शेडमध्ये लोटली होती, ती तशीच सडत होती. आता जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करणारा एक गृहस्थ ती घ्यायला आला होता. पत्र्याची चाळणी झालीय, पण खालचा सांगाडा, चासी, दणकट आहे, चारही चाकांना जोर देणारं असं यंत्र आता मिळत नाही, वगैरे धाकटा घाईघाईने सांगत होता. एकदाची ही नजरेआड व्हावी, एवढंच त्याला हवं होतं. गाडीच्या तळाला गंजून पडलेलं भोक त्याने पायपुसण्याने झाकलं होतं. ताईने पायपुसणं उचललं आणि ती म्हणाली, हेही बघून घ्या. सहीसाठी बाबा काठी टेकत आले होते. इतक्या वर्षांत त्यांनी या शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं.

गिऱ्हाईक कोळ्याची जाळी झटकून आत बसायला गेलं, तर गुडघे डॅशबोर्डवर आपटले. सीट पार पुढे ओढलेली! त्याने खालची कडी ओढली, लाथ मारून पाहिली, पण रुळांवर गंज असा चढला होता की सीट तसूभर हलेना.

“शेवटी काय एखाद्या पोराने चालवली होती का हो ही?” तो हसत म्हणाला.

बाबांनी सीटकडे पाहिलं, मग ताईकडे... ती त्यांच्यासारखीच ताडमाड होती. त्या जागेत तिचे पाय मावणं शक्यच नव्हतं.

“झाडलोट करताना मीच ओढली असेल,” ताई गडबडीने म्हणाली.

“या जाळ्यांत? कोण आलं होतं इथे झाडायला?” बाबांनी विचारलं.

धाकटा काही बोलायला पुढे झाला. ताईने नजरेनेच त्याला दटावलं, बोलू नकोस! पण आयुष्यभर पोटात दडपलेलं ते आता दडपेना. मडगार्डला धरून तो खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

“मी होतो, बाबा... मी होतो.”

गिऱ्हाईक अवघडून अंगणात निघून गेलं. बाबांनी मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. काठी भिंतीला टेकवून ते ताईसमोर येऊन उभे राहिले.

“का नाही सांगितलंस?”

“कुणावर तरी राग धरल्याशिवाय तुम्ही जगलाच नसता, बाबा,” ती खालमानेने म्हणाली. “त्याच्यावर धरला असता तर पोर मोडून गेलं असतं. मला वाटलं, मी निभावून नेईन.”

बाबांनी हात तिच्या केसांवर ठेवला. केस पिकले होते, हे त्यांना आज दिसत होतं.

“आणि निभलं का गं?”

‘हो’ म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. ती नेहमी तेच म्हणत आली होती. पण आज तिने नुसती मान हलवली, नाही म्हणून, आणि बाबांच्या छातीवर डोकं टेकून पोटभर रडली.